न मागितलेली सूट

वर्षातून एकदा, आठ मार्चला, महिला दिनी, आमच्या ठाण्यात पुरुष कॉफी करतात. त्या दिवशी ठाण्यात कोणी कॉफी पीत नाही.

ठाणं द्रीना नदीच्या काठी, पुलापासून शंभर पावलांवर. सव्वीस माणसं, त्यांत चार बायका. मी रातोमिर, ठाणे अंमलदार. सगळे मला रातोकाका म्हणतात, पकडून आणलेले चोरसुद्धा. बावीस वर्षं ड्युटीचा चार्ट मीच लिहीत आलो. कोण गस्तीला, कोण पुलावर, कोण फुटबॉलच्या बंदोबस्ताला आणि कोण ओळखपत्रांच्या खिडकीत, हे मी ठरवायचो. साहेब आले आणि गेले, चार्ट माझ्या हातचा राहिला. जूनमध्ये मी निवृत्त होणार होतो. ज्याच्या नोकरीत एकही ठपका नाही त्याला निरोपाच्या दिवशी नाव कोरलेलं मनगटी घड्याळ मिळतं. माझ्यावर ठपका नव्हता. पट्टा तपकिरी मागायचा की काळा, इथपर्यंत माझा विचार झालेला होता.

त्या आठ मार्चला मी नेहमीप्रमाणे बाजारातून चार लाल कार्नेशनची फुलं आणली आणि ती वाटायला निघणार एवढ्यात स्तोयान साहेबांनी आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर छापील अर्जांचा गठ्ठा होता.

"रातो, परवा कमिटी येतेय. यागोदाच्या नावावर गस्ती किती?"

जानेवारीपासून आमच्याकडे शिफ्ट प्रमुखाची जागा रिकामी होती. त्या जागेसाठी दोन नावं वर गेली होती, नेनादचं आणि यागोदाचं. अट एकच होती. गेल्या दोन वर्षांत निदान चाळीस वेळा गस्तीचं नेतृत्व केलेलं असलं पाहिजे.

"सव्वीस," मी म्हणालो. "नेनादच्या अठ्ठावन्न."

"म्हणजे नेनाद. ते आपोआपच झालं, त्यात तुझं-माझं काही नाही. पण चार्टवर यागोदाच्या नावापुढं एकतीस वेळा तुझा शेरा आहे. 'घरगुती कारण, सूट.' कमिटी विचारणार, अर्ज कुठायत?"

लावलेली ड्युटी काढायची तर ज्याची ड्युटी त्याच्या सहीचा अर्ज लागतो, हा नियम पोलिसात आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः शिकवतो.

"अर्ज नाहीत, साहेब."

"नाहीत ते माहितीये मला. म्हणून तर हे छापून घेतलेत. तारखा टाकल्यात, कारणं टाकलीत. तिच्या फक्त सह्या घे. फूल द्यायला जाणारच आहेस ना? एका हातानं फूल दे, दुसऱ्या हातानं हे पुढं कर."

"आणि तिनं नाही केल्या तर?"

"तर एकतीस बदल तू आपल्या मर्जीनं केलेस असं होईल. तीन महिने राहिलेत तुझे, बाबा. घड्याळ घाल हातात आणि नदीवर मासे पकडत बस."

स्तोयान साहेब वाईट माणूस नाही. त्याला आपल्या ठाण्यात कटकट नको असते, एवढंच. आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्यात काही फार वावगं वाटलं नाही. तिच्या भल्यासाठीच तर मी सूट दिली होती. यागोदा चौदा वर्षांपूर्वी आमच्याकडे आली तेव्हा डोक्याला टोपीसुद्धा मोठी व्हायची. नवरा ऑस्ट्रियात ट्रक चालवतो, ईस्टरला आणि नाताळाला घरी. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा गस्तीची गाडी काढून तिला इस्पितळात मी नेलं होतं. वाटेत सायरन लावला, जो लावायची परवानगी नव्हती. तेव्हापासून ती मला पोटच्या पोरीसारखी. घाटात बर्फ पडला की मी तिचं नाव खोडून कोस्ताचं लिहायचो. जत्रेत दारुडे, सामन्यात शिव्या आणि बाटल्या, पोरीच्या जातीला कशाला तो ताप? तिला मी खिडकीत बसवायचो. तिथं हीटर आहे.

त्या दिवशीही ती खिडकीतच होती. एका म्हाताऱ्याचे बोटांचे ठसे घेत होती आणि म्हातारा सांगत होता की शेतात राबून राबून ठसे झिजले, आता बायकोचे घ्या. तो गेल्यावर मी फूल पुढं केलं.

"अय्या, रातोकाका, पुन्हा लाल! कॉफी कोणी केली आज?"

"नेनादनं."

"मग मी दुपारी घरी जाऊन पिते." ती हसली. मग तिचं लक्ष माझ्या दुसऱ्या हाताकडे गेलं. "ते काय?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं सांगितलं. कमिटीला कागद लागतात, केवळ औपचारिकता आहे, मी अडचणीत येईन. तिनं वरचा अर्ज उचलला, वाचला, खाली ठेवला.

"सव्वीस भरल्या ना माझ्या?"

"तुला कसं माहीत?"

"घरी कॅलेंडरवर खुणा करते मी. तुम्ही खोडलं की मीही खोडते." ती फुलाचा देठ बोटांत फिरवत होती. "दोनदा आले होते तुमच्याकडं सांगायला, काका. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, जा गं, पोरीजवळ बस, थंडी किती पडलीये. दुसऱ्यांदा माझ्या हातात अक्रोडाची पिशवी दिलीत. कशी भांडणार? वाईट माणसाशी भांडता येतं."

"मग मी चूक केली का? चांगलं करायला गेलो तर..." मला राग आला होता, खरोखरच आला होता. माझा आवाज चढला आणि पलीकडच्या खोलीत टाइप करणारा कोस्ता थांबला.

"मी कुठं चूक म्हणाले? करते मी सही." तिनं पेन काढलं. "दुन्या झाली त्या दिवशी तुम्ही गाडी काढली नसती तर ती रस्त्यातच झाली असती. ते मी विसरलेले नाही. तुमचं घड्याळ माझ्यामुळं जायला नको. फक्त एक करा. एकेक अर्ज मला वाचून दाखवा. मी ऐकते आणि सही करते."

एवढंच ना, म्हटलं. चष्मा लावला आणि वाचायला लागलो.

"दिनांक चौदा जानेवारी. घाटरस्त्यावरील गस्तीतून मला मुक्त करावे, कारण माझे मूल लहान आहे."

"दुन्या किती वर्षांची आहे, काका?"

मी विचार केला. "असेल सहा-सात."

"बारा. माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. हँडबॉल खेळते. सासूबाई चार वर्षं आमच्याकडंच राहतात. माझी रात्रपाळी असली की दोघी खूश, टीव्ही त्यांच्या ताब्यात. पुढं वाचा."

"दिनांक सहा मे. जत्रेतील बंदोबस्त... मला झेपणार नाही, सबब..."

"कोणाला झेपणार नाही?"

"असं लिहिलंय. साहेबांनी लिहिलंय."

"बरं. पुढं."

"दिनांक एकवीस सप्टेंबर. फुटबॉल सामन्याच्या ठिकाणी अर्वाच्य भाषा वापरली जात असल्याने..."

इथं ती हसली. खिडकीत बसून लोक तिला रोज काय काय ऐकवतात ते मलाही माहीत होतं. ओळखपत्र आठवडाभर उशिरा आलं की आमच्या गावातली सभ्य माणसं तिच्या आईपासून सुरुवात करतात, सामन्यात निदान ती शिवी पंचाला तरी असते. मी चौथा अर्ज घेतला आणि अक्षरं दिसेनात. चष्मा पुसला, तरी दिसेनात. तिचं पेन पहिल्या अर्जावर टेकलेलं होतं आणि ती वाट पाहत होती.

"वाचा ना, काका. अजून अठ्ठावीस आहेत."

"राहू दे," मी म्हणालो.

"अहो, करते ना मी."

"राहू दे म्हटलं ना!"

तिच्या हाताखालचा अर्ज मी ओढून घेतला. त्यावर निळ्या शाईचा एक ठिपका पडला होता, बस. गठ्ठा कोटाच्या आत घालून मी घरी निघून आलो. बावीस वर्षांत वेळेआधी घरी येण्याची ती दुसरी खेप. पहिली माझी आई गेली तेव्हाची.

ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. माझी बायको मिलुंका घेवड्याची आमटी ढवळत होती, उपासाची, बिनमांसाची. मी टेबलावर गठ्ठा टाकला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, तुझ्यासारखा भला माणूस नाही. ती डाव पातेल्यावर आपटत म्हणाली,

"आयजीच्या जिवावर बायजी उदार."

"म्हणजे?"

"म्हणजे सूट तू दिलीस आणि किंमत भरली तिनं." तिनं गॅस बारीक केला. "माझं पण तू असंच केलंस."

"मी? तुझं? काय केलं?"

"शहाण्णव साल. मोज्यांच्या फॅक्टरीत आमच्या ओळीवर मुकादम नेमायची होती. आपल्या घरच्या संताचा दिवस होता, निकोलाचा. मॅनेजर जेवायला आला होता. मी आत सार्मा, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, वाढून घेत होते. तो तुला म्हणाला, मिलुंकाला मुकादम करावं म्हणतो. तू त्याच्या ग्लासात राकिया ओतत म्हणालास, नको नको, दोन पोरं आहेत, दुसरी पाळी तिला झेपायची नाही."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मॅनेजर आठवत होता. त्यानं भाजलेल्या माशाची फार तारीफ केली होती, तेही आठवत होतं.

"तू काही बोलली नाहीस."

"आठवडाभर बोलले नाही."

"ते दाढ दुखत होती म्हणून ना?"

मिलुंकानं माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर पुष्कळ वेळा चिडली आहे, पण असं कधी बघितलं नव्हतं. त्यात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"दाढ कधीच दुखत नव्हती, रातो," ती म्हणाली आणि मला आमटी वाढली.

मी जेवलो नाही. लाज वाटली हे सरळच सांगतो. सव्वीस वर्षं मी त्या दाढेची गोष्ट लोकांना हसत हसत सांगत आलो होतो, की माझी बायको दाढदुखीनं आठवडाभर मुकी झाली तो माझ्या संसारातला सर्वांत सुखाचा आठवडा.

दहा मार्चला कमिटी आली. तिघंजण, त्यांतला मुख्य एक सुकलेला, काटकोनात बसणारा पोलीस कर्नल. त्यानं चार्ट उघडले. तो बोट चाटून एकेक पान उलटायचा. स्तोयान साहेब शेजारी, मी दाराशी उभा. नेनाद आणि यागोदा बाहेर बाकावर बसले होते, मधे एका माणसाची जागा सोडून.

"एकतीस बदल," कर्नल म्हणाला. "घरगुती कारण. अर्ज?"

"रातोमिरकडं आहेत," साहेब म्हणाले आणि माझ्याकडं बघून त्यांनी हलकेच मान डोलावली.

मी गठ्ठा टेबलावर ठेवला. कर्नलनं पहिला अर्ज उचलला, मागं पाहिलं, पुढं पाहिलं.

"सही नाही."

"नाही, साहेब. एकावरही नाही. हे परवा छापलेत."

स्तोयान साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"तिनं अर्ज केलाच नव्हता," मी म्हणालो. "कधीच नाही. बर्फ पडला की मी तिचं नाव खोडायचो, जत्रा आली की खोडायचो. ती दोनदा सांगायला आली होती, मी अक्रोड देऊन परत पाठवली. गस्ती तिच्या सत्तावन्न व्हायला हव्या होत्या. सव्वीस झाल्या त्या माझ्यामुळं."

"पुरुषांच्या किती ड्युट्या तुम्ही अशा काढल्यात?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मी कोस्ताचा विचार केला. त्याला तीन पोरं, धाकटं अजून पाळण्यात. गेल्या जानेवारीत तो तापात होता तरी मी त्याला घाटात पाठवला होता, यागोदाच्या जागी.

"एकही नाही," मी म्हणालो.

कर्नलनं पेन उघडलं. "कारण काय लिहू?"

माया लिहा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण परवापासून त्या शब्दाला माझ्या तोंडात कडू चव आली होती.

"लिहा, ठाणे अंमलदारानं तिला विचारलं नाही."

त्यानं तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. मग मला बाहेर जायला सांगितलं. बाकावर मधली जागा रिकामी होती, तिथं मी बसलो. नेनादनं मला सिगारेट दिली. यागोदानं माझ्या कोटाची कॉलर आत दुमडली होती ती सरळ केली.

तीन आठवड्यांनी हुकूम आले, दोघांचे एकाच पाकिटात. यागोदाला सहा महिन्यांसाठी शिफ्ट प्रमुख नेमलं होतं, काम बघून कायम करणार. मला लेखी ठपका. चार्ट लिहायचं काम माझ्याकडून काढून शिफ्ट प्रमुखांकडं दिलं होतं. स्तोयान साहेब माझ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागले. नेनाद चार दिवस फुगून बसला. मग पाचव्या दिवशी यागोदाला म्हणाला, "प्रमुखबाई, कॉफी करू का?" आणि सगळं ठाणं एका आवाजात "नको!" म्हणून ओरडलं.

"घड्याळ गेलं," मी घरी सांगितलं.

"घरात तीन आहेत," मिलुंका म्हणाली. "त्यातलं एक चालतं."

एप्रिलच्या शेवटी पुलापलीकडच्या गावाशी आमचा फुटबॉलचा सामना असतो. त्या सामन्याला बंदोबस्त लावणं म्हणजे साप पाळण्यासारखं आहे, दरवर्षी कोणाला तरी डसतोच. यागोदानं चार्ट लिहायला घेतला. कोस्ताला तिनं विचारलं, धाकट्याचा ताप उतरला का. नेनादला विचारलं, गेल्या वर्षी कोणत्या फाटकाशी मारामारी झाली. स्वतःचं नाव तिनं पाहुण्या प्रेक्षकांच्या फाटकावर टाकलं, जिथून बाटल्या येतात तिथं. ते बघून माझा हात आपसूक उठला होता, खोडायला. मी तो खिशात घातला.

मग ती माझ्या टेबलापाशी आली.

"काका, पुलाच्या बाजूला एक माणूस कमी पडतोय. चार तास उभं राहायचं आहे."

नेनाद हसला. "रातोकाकांना? स्ट्रेचर पण लावा चार्टवर. त्यांचा गुडघा जिना चढताना दार उघडल्यासारखा वाजतो."

"मी त्यांना विचारलंय, नेनाद," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, हळू आवाजात, "गुडघ्याचं मला माहीत आहे. नको असेल तर सांगा, मी दुसरं बघते. पण तुम्हाला न विचारता मी खोडणार नाही."

सदतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी काही विचारलं नव्हतं. हुकूम यायचा, मी जायचो, मग पुढं मी हुकूम काढायचो आणि दुसरे जायचे. बावीस वर्षं या टेबलाच्या अलीकडं बसून मी सव्वीस माणसांचे रविवार वाटले होते आणि हे एवढं सोपं वाक्य मला सुचलं नव्हतं.

"येईन," मी म्हणालो. "पण खुर्ची मिळेल का?"

"खुर्ची नाही. भिंत आहे, टेकता येईल."

"चालेल."

तिनं माझं नाव लिहिलं.

घरी आलो तेव्हा मिलुंका उन्हात बसून मिरचीची रोपं कुंड्यांत लावत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

"रविवारी सामन्याच्या बंदोबस्ताला जायचं म्हणतोय. चार तास आहेत. जाऊ का?"

तिनं मातीचे हात तसेच ठेवून वर पाहिलं. "मला विचारतोयस?"

"हो."

बराच वेळ ती काही बोलली नाही. दाढ दुखत नव्हती, हे आता मला कळत होतं. ती फॅक्टरी बंद पडून वीस वर्षं झाली, तिथं आता टायर विकतात. तिथं मुकादम कोण झाली होती ते विचारायचं माझ्या मनात आलं, पण धीर झाला नाही.

"जा," ती शेवटी म्हणाली. मग हात धुऊन आत गेली आणि कपाटाच्या तळातून जाड राखाडी मोज्यांचा एक जोड घेऊन आली. फॅक्टरीचा कागदी पट्टा त्यावर अजून तसाच होता.

"आमच्या ओळीवरचे आहेत," ती म्हणाली. "नदीवरचा वारा पायातून चढतो. हे घाल."

रविवारी मी ते घातले. चार तास भिंतीला टेकून उभा होतो, गुडघा ठणकत होता, पण पाय गरम होते.